हेक्टरी तीन टन: कंबोडियात माणसं कशी मेली

जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या अधिवेशनात आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि रायगड-शिवनेरीचे फोटो घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. त्याच अधिवेशनात कंबोडियातल्या तीन जागांचीही नोंद झाली. त्यातली एक शाळा आहे, दुसरी जुनी चिनी दफनभूमी आणि तिसरा जंगलातला तुरुंग. बातमी आतल्या पानावर गेली, त्यात नवल नाही. पण या तीन जागा यादीत का आल्या ते समजून घेण्यासारखं आहे.

१७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात कंबोडियावर ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाचं राज्य होतं. तिथले लोक या काळाला आजही 'तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस' म्हणतात. देशाची लोकसंख्या तेव्हा ऐंशी लाखांच्याही आत होती. पुढे या गुन्ह्यांचा खटला चालला, त्यात लोकसंख्येच्या अभ्यासकांनी १७ ते २२ लाख जास्तीचे मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी सुमारे ८ लाख थेट हिंसेने गेले, म्हणजे डोक्यात घाव घालून, गोळी घालून, छळ करून. उरलेले उपासमारीने, आजाराने आणि मरेस्तोवर राबवल्याने गेले.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा दुसरा आकडा. कंबोडिया हा भाताचा देश. टोनले साप सरोवर, मेकाँगचा गाळ, पाऊस भरपूर. दुष्काळ नव्हता आणि यादवीही संपलेली होती. अशा देशात लाखो माणसं भुकेने कशी मेली? याचं उत्तर सापडलं की बाकीची कत्तलही बरीचशी उलगडते, कारण दोन्ही एकाच गिरणीतून निघालेल्या आहेत.

आधी मागची गोष्ट थोडक्यात. १९५३मध्ये फ्रेंच गेले आणि देश राजा नरोदम सिहानुक यांच्या हाती आला. शेजारी व्हिएतनाम पेटला होता. सिहानुक यांनी दोन्ही डगरींवर हात ठेवून देश युद्धाबाहेर ठेवायचा प्रयत्न केला, पण व्हिएतनामी कम्युनिस्टांचे तळ सीमेच्या अलीकडे होते आणि मार्च १९६९पासून अमेरिकेने त्यांच्यावर गुपचूप बॉम्ब टाकायला सुरुवात केली. ऑगस्ट १९७३मध्ये हे थांबलं तोवर पाच लाख टनांच्या आसपास बॉम्ब या लहानशा देशावर पडले होते. १९७०मध्ये जनरल लोन नोलने सिहानुक यांना पदच्युत केलं. संतापलेल्या सिहानुक यांनी बीजिंगमधून रेडिओवर आवाहन केलं की जंगलात जा आणि लढा. जंगलात होते ख्मेर रूज. राजाच्या नावाने शेतकऱ्यांची पोरं त्यांच्यात दाखल झाली. ज्यांचं घर बॉम्बने गेलेलं होतं, त्यांना तर वेगळं सांगायचीही गरज नव्हती.

या सगळ्याचं खापर अमेरिकेवर फोडून मोकळं होणारे लोक आहेत. बॉम्बमुळे ख्मेर रूजला सैनिक मिळाले, हे खरंच. पण सत्ता हाती आल्यावर काय करायचं, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं.

ठरवणारे कोण होते तेही पाहा. पक्षाचा प्रमुख पॉल पॉट, मूळ नाव सालोथ सार. खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरात जन्म, शिष्यवृत्तीवर पॅरिसला रेडिओचं शिक्षण, परत येऊन खासगी शाळेत मास्तरकी. ख्यू सांफानने कंबोडियाच्या अर्थव्यवस्थेवर पॅरिसमध्ये डॉक्टरेट केलेली. येंग सारीही पॅरिसलाच शिकलेला, आणि त्याची बायको येंग तिरित सोरबोन विद्यापीठात शेक्सपिअर शिकलेली. अडाणी लोकांनी केलेला हा अत्याचार नव्हता. शेती कधी न केलेल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी शेतकऱ्याच्या नावाने केलेलं राज्य होतं.

१७ एप्रिलला काळ्या कपड्यांतले, गळ्यात चौकडीचा पंचा आणि पायात टायरच्या चपला घातलेले सैनिक राजधानी नॉम पेनमध्ये शिरले. लोक टाळ्या वाजवत रस्त्यावर आले, युद्ध संपलं म्हणून. काही तासांतच हुकूम सुटला की सगळ्यांनी शहर सोडायचं. अमेरिका बॉम्ब टाकणार आहे, दोन-तीन दिवसांत परत यायचंय, असं सांगितलं गेलं. निर्वासितांनी फुगलेल्या त्या शहरात वीस लाखांहून जास्त माणसं होती. एप्रिलचं ऊन, वर्षातला सगळ्यात तापलेला महिना. इस्पितळातले रुग्णही सुटले नाहीत. नातेवाईक त्यांना खाटेसकट ढकलत नेत होते, सलाइनची बाटली वर धरून. वाटेत म्हातारी माणसं गेली, बाळंतिणी गेल्या. परत कोणालाच येऊ दिलं नाही.

मग नोटा बंद झाल्या. मध्यवर्ती बँकेची इमारत सुरुंगाने उडवली आणि नोटा रस्त्यावर पाचोळ्यासारख्या पडून राहिल्या. नव्या राजवटीने स्वतःच्या नोटा चीनमधून छापून आणल्या होत्या, त्याही वापरात आल्या नाहीत. बाजार, शाळा, टपाल, खासगी मालमत्ता सगळं बंद. भिक्खूंना चीवर उतरवून शेतात पाठवलं, विहारांची कोठारं आणि तुरुंग झाले. सरकार म्हणून लोकांना एकच नाव माहीत होतं, 'अंगकार', म्हणजे संघटना. अंगकार बोलावते, अंगकार शिकायला नेते. शिकायला नेलेला माणूस सहसा परत दिसत नसे. अंगकारच्या मागे कम्युनिस्ट पक्ष आहे, हे पॉल पॉटने जाहीरपणे सांगितलं ते सप्टेंबर १९७७मध्ये. तोवर अडीच वर्षं लोकांना आपल्यावर राज्य कोण करतंय तेच ठाऊक नव्हतं.

शहरातून हाकलून गावात आणलेल्यांना 'नवे लोक' किंवा '१७ एप्रिलवाले' म्हणत. पूर्वीपासून ख्मेर रूजच्या ताब्यातल्या भागात राहणारे ते 'जुने लोक'. जुन्यांना थोडं जास्त अन्न, थोडा जास्त विश्वास. नव्यांना सतत ऐकवलं जाई: तुला ठेवून फायदा नाही, तुला संपवून तोटा नाही.

आता येऊ भातावर.

१९७६मध्ये पक्षाने चार वर्षांची योजना तयार केली. तिचा कणा एकच होता, देशभर सरासरी हेक्टरी तीन टन भात. युद्धाआधी, सगळं सुरळीत असताना, कंबोडियात हेक्टरी टनाच्या आसपास पीक येत असे. खत नाही, बियाणं नाही, बैल युद्धात मेलेले, शेतावर आणलेली माणसं म्हणजे काल-परवाचे कारकून, शिंपी आणि रिक्षावाले. त्यांनी पीक तिप्पट करायचं. जास्तीचा तांदूळ निर्यात करायचा, त्यातून यंत्रं घ्यायची आणि झपाट्याने देश औद्योगिक करायचा.

हा कागद वाचताना एका ठिकाणी थांबायला होतं. १९७७मध्ये जनतेला आठवड्यातून दोनदा गोड पदार्थ मिळेल, १९७८मध्ये एक दिवसाआड, आणि १९७९पासून रोज, असं त्यात लिहिलंय. हे गंमत म्हणून लिहिलेलं नव्हतं. वरच्या मंडळींनी गंभीरपणे बैठकीत बसून ठरवलेलं होतं. शिधासुद्धा ठरलेला होता. कंडेन्स्ड मिल्कचा रिकामा डबा हे गावोगावचं माप. एका डब्यात साधारण पाव किलो तांदूळ बसतो. जड काम करणाऱ्याला दिवसाला तीन डबे, हलकं काम करणाऱ्याला त्याहून कमी, अशी प्रतवारी.

प्रत्यक्षात काय झालं ते वाचलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं. एक डबा एका माणसाला, मग एक डबा दोघा-तिघांत, मग मोठ्या कढईत पाणीच पाणी आणि तळाला मोजता येतील इतकी शितं. आपण जिला पेज म्हणतो, तिची नुसती निवळ. सुरुवातीला लोक आपापल्या चुलीवर शिजवत होते. पुढे सामुदायिक जेवण सक्तीचं झालं आणि घरातली भांडी काढून घेतली, चमचा तेवढा ज्याचा त्याच्याकडे राहिला. हे वरवर किरकोळ वाटतं, पण ज्याच्या घरात पातेलं नाही त्याला चार खेकडे किंवा मूठभर पाला मिळाला तरी शिजवता येत नाही. आणि शेतातला खेकडा, गोगलगाय, झाडावरचं फळ हे अंगकारचं. ते परस्पर खाणं म्हणजे चोरी, आणि चोरीची शिक्षा मरणही असू शकत होती.

मग पिकलेला तांदूळ जायचा कुठे? ही साखळी नीट समजून घ्या. वरून आकडा आला, हेक्टरी तीन टन. गावच्या प्रमुखाला दिसतंय की टनभरही निघणार नाही. पण 'नाही निघत' असं सांगणारा क्रांतीचा शत्रू ठरतो. म्हणून तो वर कळवतो की निघालं, किंवा जवळजवळ निघालं. तालुक्याचा अधिकारी तोच आकडा पुढे सरकवतो, विभागाचा त्याच्याही पुढे. केंद्र त्या फुगवलेल्या आकड्यावर आपला वाटा ठरवतं, इतका सैन्याला, इतका निर्यातीला. ट्रक येतात आणि वाटा उचलून नेतात. वाटा न भरणं शक्यच नसतं, म्हणून लोकांच्या खाण्यातलं जातं, कधी बियाण्यातलंही. कागदावर लोक तीन डबे खात असतात.

कालव्यांचीही तीच तऱ्हा. जुन्या वाकड्यातिकड्या बांधांच्या जागी हेक्टरभराची चौकोनी खाचरं करायची आणि त्यांना सरळ रेषेत कालवे जोडायचे, असा हुकूम होता. काही ठिकाणी कालवे नकाशावरच्या किलोमीटरच्या चौकटी धरूनच खणले गेले. जमिनीचा उतार कुठे आहे याच्याशी नकाशाच्या रेषेला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे कित्येक कालव्यांत पाणी वाहिलंच नाही, कित्येक पहिल्या पावसात फुटले. इंजिनिअर होते, पण ते आपलं शिक्षण लपवून टोपल्या वाहत होते, कारण शिकलेला असणं हाच संशय. वायव्येकडचा त्रापियांग थ्मा हा प्रचंड तलाव असाच माणसांच्या हातांनी, पहाटेपासून रात्रीपर्यंत खणवून घेतला. तो आजही आहे, पक्षी बघायला लोक जातात.

१९७६मध्ये पॉल पॉटने येंग तिरितला वायव्य विभागाची पाहणी करायला पाठवलं. ती तेव्हा समाजकल्याण मंत्री होती. बट्टामबांगचा हा भाग म्हणजे देशाचं भाताचं कोठार, म्हणून नवे लोक लाखांनी तिथे नेऊन टाकले होते. तिने पाहिलं की माणसांना डोक्यावर छप्पर नाही, सगळे आजारी, उघड्या रानात म्हातारी आणि गरोदर बायका राबतायत. हे तिने नाकारलं नाही. परत येऊन तिने अहवाल दिला, आणि निष्कर्ष असा काढला की आपल्या रांगेत शत्रूचे हस्तक घुसले आहेत.

मला वाटतं, या सगळ्या काळाची किल्ली या एका निष्कर्षात आहे. योजना चुकूच शकत नाही, कारण ती पक्षाची. माणसं मरतायत हे तर दिसतंय. मग कोणीतरी मुद्दाम मारत असणार. एकदा असं धरलं की अन्नाऐवजी गुन्हेगार शोधले जातात. वायव्येतल्या अधिकाऱ्यांना १९७७-७८मध्ये घाऊक अटक झाली. त्यांच्या जागी नैऋत्य विभागाचा प्रमुख ता मोक याची माणसं आली. त्यांनाही तोच तीन टनांचा आकडा मिळाला.

अटक झालेल्या बड्यांना नेत ते नॉम पेनमध्ये, तुओल स्लेंगच्या शाळेत. लेखाच्या सुरुवातीला म्हटलेली शाळा ती हीच. तिचं नाव झालं एस-२१. वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या, व्हरांड्यांना काटेरी तार लावली, म्हणजे कैद्याला खाली उडी टाकून मरताही येऊ नये. आलेल्या प्रत्येकाचा फोटो काढला जाई. प्रमुख होता काइंग गेक इआव, टोपणनाव दोइक, पेशाने गणिताचा शिक्षक. कैद्याकडून कबुलीजबाब लिहून घेतला जाई, आणि दोइक तो उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासे. समासात शेरे, इथे अपुरं आहे, हे पुन्हा लिहून घ्या, आणखी छळा. कबुली एकच चाले, मी सीआयएचा किंवा केजीबीचा किंवा व्हिएतनामचा हेर आहे. कधीकधी तिन्हींचा. त्यासोबत साथीदारांची नावं द्यावी लागत, पाच, दहा, पन्नास. मग त्यांना अटक, त्यांच्याकडून आणखी नावं.

म्हणूनच एस-२१मध्ये मेलेल्यांत मोठा भरणा ख्मेर रूजच्याच माणसांचा आहे. माहितीमंत्री हू निम, व्यापारमंत्री कोय थुओन, दोघेही तिथेच संपले. बायकामुलांसकट, कारण पोर मोठं होऊन सूड घेईल ही भीती. न्यायालयाने तिथल्या किमान १२,२७२ बळींची नोंद मान्य केली. जिवंत बाहेर पडलेले डझनभर. चित्रकार व्हान नाथ हे त्यातले एक. मारायच्या यादीत त्यांच्या नावापुढे कामासाठी ठेवा अशा अर्थाचा शेरा पडला, कारण पॉल पॉटची चित्रं काढायला कोणीतरी हवं होतं. चुम मेय हे मेकॅनिक शिवणयंत्रं आणि टाइपरायटर दुरुस्त करता येतात म्हणून वाचले. बाकीच्यांना रात्री ट्रकने चोएंग एकला, म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या चिनी दफनभूमीत, नेत. गोळी महाग, म्हणून कुदळ आणि लोखंडी दांडा. तिथे १२९ सामूहिक खड्डे सापडले.

काही गटांना मात्र काय केलं यापेक्षा कोण आहेत यासाठीच मारलं. चाम मुस्लिमांची गावं फोडून माणसं विखरून टाकली, कुराण जाळलं, डुकराचं मांस खायला लावलं, विरोध केला ती गावं कापून काढली. व्हिएतनामी वंशाचे लोक सुरुवातीला हाकलले आणि मागे राहिले त्यांना शोधून शोधून मारलं. १९७८मध्ये तर पूर्व विभागातले ख्मेर लोकच व्हिएतनामी मनाचे ठरले. त्यांना दुसरीकडे हलवताना निळे पंचे वाटले, म्हणजे पुढच्या गावात मारेकऱ्यांना कोण ते ओळखू यावं.

घरातही अंगकार होतीच. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून त्यांच्यावरच नजर ठेवायला शिकवलं. लग्नं अंगकारने ठरवायची, एकमेकांना कधी न पाहिलेल्या दहा-वीस जोड्या रांगेत उभ्या करून, आणि रात्री घराबाहेर पहारेकरी कान लावून, की यांनी संसार सुरू केला की नाही.

व्हिएतनामच्या हद्दीत शिरून ख्मेर रूजने कत्तली केल्या, तेव्हा हिशेब संपला. १९७८च्या नाताळात व्हिएतनामी फौजा आत आल्या आणि ७ जानेवारी १९७९ला नॉम पेन पडलं. दोइकला कागद जाळायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून आज आपल्याला इतकं ठाऊक आहे.

इथून पुढची गोष्ट वाचताना चीड येते. पळून थायलंडच्या सीमेवर बसलेल्या ख्मेर रूजचीच माणसं पुढे कित्येक वर्षं संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर बसत होती. व्हिएतनाम म्हणजे सोव्हिएत रशियाचा मित्र, म्हणून चीन, अमेरिका आणि त्यांचे दोस्त नव्या सरकारला मान्यता द्यायला तयार नव्हते. भारताने, इंदिरा गांधी परत सत्तेत आल्यावर, जुलै १९८०मध्ये ती दिली. बिगर-कम्युनिस्ट देशांत हे करणारे आपण जवळजवळ एकटेच. पुढे १९८६पासून आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंगकोर वाटच्या दुरुस्तीला गेली, आजूबाजूला लढाई चालू असतानाच.

पॉल पॉट कायदेशीर न्यायालयापुढे कधी उभा राहिलाच नाही. १९९७मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला दोषी ठरवलं, एप्रिल १९९८मध्ये तो मेला आणि जुन्या टायरांवर त्याला जाळलं. कंबोडिया आणि संयुक्त राष्ट्रांचं संयुक्त न्यायालय २००६मध्ये सुरू झालं. तोवर आरोपी म्हातारे झाले होते. येंग सारी खटला चालू असतानाच वारला, येंग तिरितला स्मृतिभ्रंश झाल्याने सोडावं लागलं. दोइकला अपिलात जन्मठेप झाली.

या न्यायालयापुढे कायद्याचा एक पेच होता. वंशसंहाराची १९४८ची आंतरराष्ट्रीय व्याख्या राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक गटांना संरक्षण देते. राजकीय किंवा वर्गीय गट तिच्यात नाहीत. त्यामुळे ख्मेरांनी मारलेले लाखो ख्मेर, म्हणजे बहुसंख्य बळी, या कलमाखाली आलेच नाहीत. त्यांच्यासाठी शिक्षा झाली ती मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची. नोव्हेंबर २०१८मध्ये वंशसंहाराचा निकाल लागला तो चाम आणि व्हिएतनामी यांच्याबाबत. पक्षातला क्रमांक दोनचा नेता न्वॉन चिया दोन्हींसाठी दोषी ठरला, ख्यू सांफान फक्त व्हिएतनामींसाठी. जबरदस्तीची लग्नंही गुन्हा ठरली. न्वॉन चिया पुढच्याच वर्षी गेला.

तीस कोटी डॉलरहून जास्त खर्च, आणि शिक्षा झालेले तिघे. आणखी काही अधिकाऱ्यांच्या फायली उघडल्या होत्या, पण कंबोडियाचे न्यायाधीश आणि परदेशी न्यायाधीश यांचं एकमत झालं नाही आणि ते खटले उभेच राहिले नाहीत. दीर्घकाळ पंतप्रधान राहिलेले हुन सेन, जे स्वतः १९७७पर्यंत ख्मेर रूजमध्ये होते, ते आणखी खटले नकोत असं उघडपणे सांगत होते. गावपातळीवर आकडे फुगवणारे, पंचे वाटणारे, रात्री कान लावून उभे राहणारे यांच्यापैकी कोणालाच बोलावलं गेलं नाही. त्यातले कित्येक बळींच्या शेजारच्याच घरात म्हातारे झाले. ख्यू सांफानचं अपील सप्टेंबर २०२२मध्ये फेटाळलं. आपण नामधारी राष्ट्रप्रमुख होतो, खाली काय चाललंय ते आपल्याला कळत नव्हतं, हे त्याचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही.